उलटं ठेवलेलं पान

हामारविक, मॅनिटोबा
१४ ऑक्टोबर १९६०

प्रिय डोराताई,

देवाच्या दयेने आम्ही सगळे बरे आहोत. सरोवराच्या कडेला परवा पहिला पातळ बर्फ दिसला, दुपारपर्यंत विरघळलाही. मग्नुस जाळी दुरुस्त करत बसला आहे. मागच्या आठवड्यात मावशीच्या कबरीवरचं गवत कापलं, शेजारी आयनारच्याही. तुझ्या या भावाच्या कबरीवर अजून ती लाकडी फळीच आहे, आणि तिच्यावरचं नाव आता बोटाने चाचपल्याशिवाय लागत नाही.

या पत्रामागोमाग एक खोकं येईल. उघडून हसू नकोस. त्यात मी लिहिलेली कादंबरी आहे. तीन वर्षं लिहीत होते. सकाळी पावाचं पीठ मळून झाकून ठेवायचं आणि ते फुगून वर येईपर्यंत लिहायचं, एवढाच वेळ. मग्नुस, नवराच तो, रोज विचारायचा, "आज काय फुगलं, पीठ का पुस्तक?" मासे कंपनीच्या कचेरीतलं जुनं टंकयंत्र रविवार सोडून वापरायला मिळालं, त्याच्यावर उतरवून काढली. मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या बाईने हे करावं का, असं पाळकसाहेबांना विचारायला गेले होते. ते म्हणाले, "बाई, गोष्ट खोटी असली तरी चालेल, पण कोणाच्या नावाने खोटी साक्ष नको. आठवी आज्ञा."

टोरांटोत बसून तू पंधरा वर्षं लोकांची हस्तलिखितं वाचतेस, कुठलं छापायचं आणि कुठलं परत करायचं ते ठरवतेस. तुला आठवतं, तू एकदा लिहिलं होतंस की काही लेखक मधलं एखादं पान मुद्दाम उलटं ठेवतात, तुम्ही तिथपर्यंत वाचलं की नाही ते पकडायला? आणि असं पान दिसलं की तू ते सरळ करून ठेवतेस, म्हणजे बिचाऱ्याला कळावं की कोणीतरी वाचलं. मी असलं काही केलेलं नाही. आपल्या माणसावर कसला पहारा.

मी नावं बदलली आहेत, पण पहिल्या पानावरच ओळखशील. ही आयनारची गोष्ट आहे, तो बर्फातून खाली गेला त्या हिवाळ्याची. शेवटाकडे त्यात एक गोष्ट आहे जी तुला माहीत नाही. पत्रात लिहायला मी तीनदा बसले आणि तीनदा कागद चुलीत घातला. म्हणून एवढंच मागते, शेवटपर्यंत वाच. छापायचं की नाही हे नंतर.

तुझी आस्ता


टोरांटो
२ डिसेंबर १९६०

प्रिय आस्ता,

आधी रागावते, मग कौतुक. दोन ओळींत जागा सोडायची असते आणि कडेला चार बोटं समास ठेवायचा असतो, हे तुला कोणी सांगितलं नाही का? कागद वाचवलेस, माझे डोळे घालवलेस. माझ्या साहेबांनी हे नुसतं पाहिलं असतं तर न वाचताच परत पाठवलं असतं.

आता कौतुक. तुझ्या हातात लिहिणं आहे. जाळं बर्फाखालून ओढून घेतात ते तू लिहिलं आहेस, आणि माझी बोटं गारठली. मी हे खोटं म्हणत नाही, रोज दहा जणांना नाही म्हणायची सवय असलेली बाई आहे मी.

पण आस्ता, चांगलं लिहिणं वेगळं आणि छापता येणारी कादंबरी वेगळी. पाळकाचं प्रवचन तू पुरं चार पानं दिलं आहेस. प्रवचन चर्चमध्ये फुकट मिळतं, त्यासाठी कोण पुस्तक विकत घेईल? आजी मरते तेही एका परिच्छेदात मरू दे. आणि आमच्या धंद्यातला मोठा नियम ऐक. सुरुवातीला जे मांडशील ते शेवटी कामाला आलं पाहिजे, आणि शेवटी जे कामाला येतं ते सुरुवातीला मांडलेलं असलं पाहिजे. त्या मुलाच्या कोटाच्या खिशात तू तिसऱ्या प्रकरणात बाटली ठेवलीस आणि शेवटी तीच त्याला बुडवते, हे अगदी बरोबर. ते वाचताना मला रडू आलं. उलट चाळिसाव्या पानावर ऐन मार्चमध्ये एका स्वयंपाकघरात नाताळचा वास येतो, पाहुणी मुलगी त्याचं कौतुक करते, आणि पुढे त्याचं काहीच होत नाही. गोड आहे, पण निरुपयोगी आहे. काढून टाक.

मी पेन्सिलीने जागोजागी ओळी खोडल्या आहेत. खोडलेल्या ओळीखाली टिंबं देऊन समासात 'राहू दे' असं लिहिलेलं दिसलं, तर समज की माझं खोडणं चुकलं होतं आणि तुझंच बरोबर होतं. अशा जागा दोनच आहेत, फार आशेने शोधू नकोस.

खोकं परत पाठवते आहे. नाताळाला आलुबुखाऱ्याचा थरांचा केक करशीलच. माझ्या वाटचा एक तुकडा तूच खा.

डोरा


हामारविक
१९ डिसेंबर १९६०

प्रिय डोराताई,

खोकं मिळालं. पानं मी जशी लावली होती तशीच आहेत, दोनशे बारावंसुद्धा.

तू एवढा वेळ काढलास, देव तुझं भलं करो. प्रवचन काढते. तुझ्या पेन्सिलीच्या खुणा पाहून मग्नुस म्हणाला, "तिकडे शहरात माशाची हाडंच ठेवतात वाटतं, मांस फेकतात." त्याच्याकडे लक्ष देऊ नकोस.

एक विचारू? बाटली त्याला बुडवते ते वाचून तुला रडू आलं म्हणतेस. ते कोणत्या पानावर गं?

आणि तो नाताळचा वास मी बनवलेला नाही. ती पाहुणी मुलगी तूच आहेस. ३७ सालच्या मार्चमध्ये तू आमच्या घरी कॉफीला आली होतीस. दातात साखरेचा खडा धरून तू म्हणालीस, "मावशी, मार्चमध्ये नाताळ कसा काय आला तुमच्या घरी?" आई म्हणाली, "विचार आस्ताला, तिने चुलीत काय घातलंय ते." आणि मी खाली मान घालून पाव कापत राहिले. त्या वासाचं पुढे काय होतं ते पुस्तकात आहे. खोकं पुन्हा पाठवू का? शेवटची चाळीस पानं फक्त. तुला वेळ असेल तेव्हा.

परवा सरोवरावरचा बर्फाचा रस्ता सुरू झाला. त्याच्या दोन्ही बाजूंना खुणेसाठी स्प्रूसच्या फांद्या रोवायचं काम आता सरकार करतं. मी खिडकीतून मोजते.

तुझी आस्ता


टोरांटो
९ जानेवारी १९६१

प्रिय आस्ता,

नको, खोकं पाठवू नकोस. मला आयनारबद्दल पुन्हा वाचायला लावू नकोस. मी आमच्या धंद्यात फार कठीण समजली जाते, पण त्याच्या पुढ्यात नाही.

तुला माहीत आहे, तरी लिहिते. मे महिन्यात बर्फ गेल्यावर तो सापडला. घोडा तर सापडलाही नाही. त्याच्या खिशात ती बाटली होती. शवपेटीपाशी सगळे गायले, मी तोंड उघडलं नाही. पुढच्या रविवारी स्टेफानच्या आईने चर्चच्या पायऱ्यांवर मला थांबवून सांगितलं, "आम्ही दारुड्याच्या घरातली मुलगी करणार नाही, मनावर घेऊ नकोस." मनावर घेऊ नकोस म्हणे. साखरपुड्याची अंगठी मी पोस्टाने परत केली आणि गाडीत बसले. आयनार गेला त्या दिवशी सकाळी मी त्याला म्हटलं होतं, "पिणार असलास तर घरी येऊ नकोस." तो आला नाही. इतक्या वर्षांत मी त्याला एकदाही माफ केलं नाही, आणि आता सवय झाली आहे.

आता कामाचं बोलते. आम्ही चौघीजणी हस्तलिखितं वाचतो, उन्हाळ्यापर्यंत दोघींना काढणार आहेत. मी सेहेचाळीस वर्षांची आहे. साहेबांना पश्चिमेकडच्या सरोवरांवरची एक कादंबरी हवी आहे, कोणाकडेच नाही, आणि माझ्याकडे तू आहेस. मी सांगितलं तशी करून दे. बाटली पुढे आण. त्याला सुरुवातीपासून थोडा पिणारा कर, वाचकाला तो आवडू दे, आणि शेवटी बाटलीनेच जाऊ दे. बाकीचं सगळं काढ. मार्चअखेर दे.

आयनारच्या त्या बाटलीने माझी नोकरी वाचली, तर मी म्हणेन की भाऊ एकदा तरी उपयोगी पडला.

डोरा


हामारविक
२० मार्च १९६१

प्रिय डोराताई,

दोन ओळींत जागा सोडली आहे. कडेला चार बोटं समास आहे. पाळक आता दोन वाक्यं बोलतो, आजी एका परिच्छेदात जाते.

तू सांगितलंस तसं केलं. वास काढला. शेवटाची आठ पानं काढली आणि त्यांच्या जागी पाच नवी लिहिली. बाटली पहिल्या प्रकरणात एकदा दिसते, मग शाळेच्या नाचाच्या वेळी, मग शेवटी. सगळं इतकं नीट बसलं की मला भीती वाटली. खरं लिहीत होते तेव्हा प्रत्येक वाक्य हातातून निसटायचं, आणि हे पीठ मळल्यासारखं गोळा होऊन आलं. गुडनी काकू कॉफीला आल्या होत्या, त्यांना शेवट वाचून दाखवला. त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "अगदी असंच झालं होतं गं." तेव्हा मी उठून खिडकी उघडली.

मी स्वतःला सांगितलं की नावं बदललेली आहेत, म्हणजे ही कोणाविरुद्ध साक्ष नाही. मी सांगितलं की तुझी नोकरी आहे. आणि हेही खरं की पुस्तकावर माझं नाव कसं दिसेल ते मी पिठाच्या बरणीवरच्या चिठ्ठीवर लिहून पाहिलं. हे मी प्रार्थनेत सांगितलं आहे, तुलाही सांगते.

काढलेली आठ पानं जाळली नाहीत. कपाटात, चादरींच्या खाली आहेत.

तुझी आस्ता


टोरांटो
११ एप्रिल १९६१

आस्ता,

साहेबांनी घेतली. ऑक्टोबरमध्ये छापायला जाईल. म्हणाले, "बाईने शेवट अगदी घट्ट बांधलाय." मी वाचायचं दुसरीला दिलं होतं, घरचं माणूस म्हणून. ती तर रडत बाहेर आली. काल दोघींना काढल्याची पत्रं मिळाली. मला मिळालं नाही.

तुझे उपकार मी विसरणार नाही.

डोरा


टोरांटो
२५ सप्टेंबर १९६१

प्रिय आस्ता,

आज तुला खरं लिहायला बसले आहे.

छापखान्यातून तुझ्या पुस्तकाची कच्ची छापील पानं आली. चुका तपासणारी आजारी पडली, तेव्हा काम माझ्याकडे आलं. टाळता येईना. दोन दिवस दार लावून, बोट ठेवून, एकेक अक्षर वाचलं. आणि आता कबूल करते, पहिल्या वेळी मी साठाव्या पानाच्या पुढे गेलेच नव्हते. रडू आलं म्हणाले ते खोटं होतं. शेवट मी मनाने धरला होता. तुला तेव्हाच कळलं असेल का? तू काही बोलली नाहीस, तू नेहमीच समजूतदार.

या वेळी मात्र शेवटपर्यंत गेले. तो थंडीत एकटा, घोट घेतो, गातो, रस्त्याच्या खुणा त्याला दिसत नाहीत. आस्ता, मला त्याचा राग यायचा बंद झाला. तू त्याला इतक्या मायेने पाजलं आहेस की मला वाटलं, वीस वर्षांचं पोर ते, गारठलं होतं, प्यायला, त्यात काय एवढं. चोवीस वर्षांनी मी भावाला माफ केलं, आणि ते तुझ्यामुळे. काल मी शवपेटीपाशी न म्हटलेलं ते गाणं एकटीने म्हटलं. दुसरं कडवं आठवलं नाही.

आता त्याला दगड करते आहे. विनिपेगच्या कारागिराला लिहिलं आहे. वर नाव, खाली सालं, आणि त्याखाली एक ओळ: 'प्रभू, याच्या दुर्बळतेची क्षमा कर.' पुढच्या आठवड्यात कोरायला घेणार. तुझं पुस्तक आणि त्याचा दगड एकाच महिन्यात गावात येतील.

डोरा


हामारविक
२९ सप्टेंबर १९६१

डोराताई,

सकाळी तार केली, 'ओळ कोरू नको, पत्र येतंय.' तार वाचून तू घाबरली असशील. आता हे बसून वाच.

त्या वर्षी रस्त्याला खुणा करायचं काम माझ्या बाबांकडे होतं. मार्चमध्ये मोठ्या वळणापाशी बर्फाला नवी भेग पडली आणि रस्ता वळवावा लागला. बाबांची पाठ धरली होती, ते अंथरुणावर होते. म्हणून मी गेले, कुत्र्यांची घसरगाडी आणि चाळीस फांद्या घेऊन. चौतीस लावल्या. वारा सुटला होता, माझ्या पापण्या गोठत होत्या. भेगेच्या तोंडाशी लावायच्या सहा राहिल्या. उद्या लावीन म्हटलं आणि परत फिरले. बाबांनी विचारलं, "सगळ्या लागल्या का?" मी म्हटलं, "लागल्या." मग त्या सहा फांद्या घरात दिसू नयेत म्हणून, आणि वायाही जाऊ नयेत म्हणून, चुलीत घातल्या. पाव भाजला त्यांच्यावर. घरभर नाताळच्या झाडाचा वास सुटला होता, तेवढ्यात तू कॉफीला आलीस.

दुसऱ्या दिवशी वादळ होतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आयनार माशांची गाडी घेऊन आला, आणि जिथे खुणा संपल्या तिथून सरळ गेला.

बाटली बाबांसाठी होती. पाठीला चोळायला ब्रँडी आण, असं त्यांनीच आयनारला सांगितलं होतं. मे महिन्यात तो सापडला तेव्हा बाबा तिथे होते. बाटलीचं बूच लाखेने बंद होतं, डोराताई. कोणी उघडलेलीच नव्हती. बाबा चर्चचे पंच, ब्रँडी मागवली म्हणायची लाज वाटली, गप्प राहिले. त्यांच्या शेवटच्या आजारात त्यांनी हे मला सांगितलं. माझं मी त्यांना सांगितलं नाही. ते गेले आणि मी लिहायला बसले.

हे सगळं त्या आठ पानांत होतं. पान दोनशे बारा मी उलटं ठेवलं होतं. पहारा ठेवलेला नाही असं लिहिलं ते खोटं. खोकं परत आलं, पान उलटंच होतं. तेव्हाच मला ओरडून सांगता आलं असतं. मला राग आला, आणि रागाच्या खाली, देव बघतो आहे म्हणून लिहिते, सुटल्यासारखं वाटलं. मी दुसऱ्यांदा त्याच वळणावरून परत फिरले. पहिल्यांदा सहा फांद्या, दुसऱ्यांदा आठ पानं.

तुझा स्टेफान गेला, घर गेलं, भाऊ दोनदा गेला. हे माझ्यामुळे. क्षमा मागायला तोंड नाही, म्हणून मागत नाही.

सोबत ती आठ पानं आहेत, आणि जुन्या प्रतीतलं चाळिसावं, ज्यावर तू वास खोडलास ते. दोनशे बारावं पुन्हा उलटं ठेवलं आहे. सरळ कर किंवा राहू दे, पण पानं परत पाठव. त्याहून जास्त काही मागत नाही. पुस्तक थांबवता आलं तर थांबव.

आस्ता


हामारविक
२२ जानेवारी १९६२

डोराताई,

तुझं पत्र नाही. दगडही आला नाही. तुझ्या कचेरीतून मात्र माझ्या पुस्तकाच्या सहा प्रती आल्या, सोबत तुझ्या साहेबांची दोन ओळींची चिठ्ठी. छपाई तुझ्या हातून थांबली नाही, किंवा तू थांबवली नाहीस. मी विचारत नाही.

आपलं गाव तुला माहीत आहे. पुस्तकावाचून कोणाचं पान हलत नाही आणि पुस्तक विकत कोणी घेत नाही. सभागृहातल्या वाचक मंडळाच्या कपाटात एक प्रत ठेवायची, तीच घरोघर फिरते. एक प्रत मी नेऊन दिली. नोव्हेंबर संपेपर्यंत अकरा घरं झाली. रस्त्यात जो तो थांबवायचा. "आस्ता, काय लिहिलंयस. बिचारा आयनार, शेवटी बाटलीनेच खाल्लं त्याला." आधी हे गाव नुसतं बोलत होतं, डोराताई. आता ते छापलेलं आहे असं म्हणतं. थोरवाल्डचा धाकटा, जो आयनार गेल्यावर दहा वर्षांनी जन्मला, तोही म्हणतो.

पाळकसाहेबांकडे गेले. सगळं सांगितलं. त्यांनी उठून दार लावून घेतलं. मग म्हणाले, "मला सांगितलंस ते देवाला पोचलं. पण साक्ष गावात दिली आहेस, ती गावातच मागे घ्यावी लागेल."

मी ती पानं तुला पाठवून बसले होते, पण हात विसरला नव्हता. पुन्हा टंकून काढली, या वेळी कडेला समासच न ठेवता, म्हणजे सहा कागदांत बसली. मंडळाची प्रत मागून आणली, मैद्याची खळ शिजवली आणि शेवटच्या पानानंतर एकेक कागद चिकटवला. आधीच्या शेवटावर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'हा शेवट खोटा आहे. खरा पुढे.' पुढे माझं पूर्ण नाव, बाबांचं नाव, आयनारचं नाव. बदललेलं एकही नाही.

कपाटाची किल्ली गुडनी काकूंकडे असते. त्यांनी खळीने जाड झालेलं पुस्तक हातात घेऊन म्हटलं, "काय गं, लोणी लावलंस का पुस्तकाला?" मग तिथेच उभ्याने वाचलं. चष्मा काढला, घातला. "आस्ता," त्या म्हणाल्या, "तू मला स्वयंपाकघरात बसवून तो दुसरा वाचून दाखवलास. मी रडले. तू मला कॉफी ओतलीस." मी म्हटलं, हो. त्या म्हणाल्या, "कपाटात ठेवते. सगळ्यांना देईन. पण तुझ्याकडे कॉफीला येणार नाही."

त्या आल्या नाहीत. इतरही येत नाहीत. केक केला तो आम्ही दोघांनी फेब्रुवारीपर्यंत पुरवायचा ठरवलं आहे. मग्नुसने पहिल्या दिवशी वाढलेलं ताट तसंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "तेवीस वर्षं माझ्या शेजारी निजतेस, आणि मला वाचक मंडळाच्या कपाटातून कळावं?" आता तो जाळी बाहेरच्या खोपटात विणतो.

आयनार प्यायलेला नव्हता, हे मात्र आता गावात म्हणतात. स्टेफानची आई नव्वदीची आहे, तिला सुनेने वाचून दाखवलं. तिने एवढंच विचारलं, "मग डोरा परत आली का?"

आस्ता


हामारविक
८ जून १९६२

डोराताई,

तुझा लिफाफा काल आला. आत पत्र नाही हे पाहून मी तो तीनदा झटकला.

मग पानं एकेक करून टेबलावर मांडली. दोनशे बारावं सरळ आहे. त्याच्यावर कॉफीचा एक गोल डाग आहे, आणि कोपरा मऊ झालेला आहे, म्हणजे ते एकदाच वाचलेलं नाही. चाळिसावं सगळ्यांत खाली होतं. नाताळच्या वासाच्या ओळीवर तुझी जुनी रेघ तशीच आहे, पण तिच्याखाली आता टिंबं आहेत, आणि समासात तुझ्या पेन्सिलीने लिहिलं आहे, 'राहू दे.'

याला मी माफी म्हणत नाही. तू धंद्यात कठीण समजली जातेस आणि ते दोन शब्द धंद्यातले आहेत. ओळ खरी आहे, एवढंच तू म्हणालीस. मी तेवढंच घेते.

आज सकाळच्या गाडीने दगड आला. मग्नुस आणि थोरवाल्डने तो घसरगाडीवर घालून नेला. मग्नुस परत आल्यावर हात धूत म्हणाला, "नाव आहे. १९१७ आहे आणि १९३७ आहे. बाकी काही नाही." मी जाऊन पाहिलं. खालची जागा चांगली हातभर मोकळी आहे, घासून गुळगुळीत केलेली. जुनी फळी काढून घरी आणली. ती जाळणार नाही.

तू ये, असं लिहायचा मला हक्क नाही. आलीस तर गुडनी काकूंकडे उतर, त्यांच्याकडे खोली आहे आणि त्यांना तू आवडतेस. हिवाळ्यात आलीस तर फाटकापासून दगडापर्यंत बर्फ कमरेएवढा असतो, वाट दिसत नाही. मी दोन्ही बाजूंनी फांद्या रोवून ठेवीन. अठ्ठावीस लागतात, आज पावलांनी मोजून आले. शेवटची दगडाला टेकून असेल.

आस्ता